तळमजल्याचा अर्ज

भोपाळच्या आमच्या सरकारी कारखान्यात मोठ्या संगणकाला जोडलेली टर्मिनल आली तेव्हा हार घातले, नारळ फोडले. ते ठीक. पण वसाहतीच्या क्वार्टर-वाटप कचेरीतले हेडक्लार्क काका! कुठलाही अर्ज पडद्यावर उघडायचे, अर्धा भरायचे आणि तसाच ठेवून चहाला जायचे. एका पडद्यावर उघडा असलेला अर्ज दुसऱ्या कुणाला उघडता येत नसे. बसच्या सीटवर रुमाल टाकावा तसं. मी संगणक विभागात; शंभरदा सांगितलं, "काका, शेवटचं बटण दाबल्याशिवाय मोठ्या मशीनला काही कळत नाही." "हो ताई, हो." डोकं फोडून घ्यावंसं वाटायचं.

शेवटी मीच प्रोग्रॅममध्ये नियम घातला: शेवटच्या तारखेला पाच वाजले की अर्धवट असेल ते सगळं पुसायचं आणि वाटपाची यादी काढायची. साहेबांनी पाठ थोपटली. मीही मिरवलं.

त्या वर्षी आमच्याच इमारतीत तळमजल्याचं एक क्वार्टर रिकामं झालं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि बाबांचे गुडघे गेलेले. सेवाज्येष्ठतेनं पहिला हक्क माझा होता. अर्ज काकांकडे दिला. शेवटच्या दिवशी साडेचारला माझ्या टर्मिनलवर सहज पाहिलं, तर उत्तर आलं: अर्ज दुसऱ्या पडद्यावर उघडा आहे.

असा संताप झाला! सायकल हाणत कचेरी गाठली. कुलूप. काका लवकर घरी गेलेले, किल्ली त्यांच्याच खिशात. तशीच इंद्रपुरीत त्यांच्या दारात. "अहो, किती वेळा सांगायचं तुम्हाला?" मी रस्त्यावरूनच ओरडले.

काका बावरले. "ताई, सकाळीच भरला ना. दोनदा तपासला. फक्त शेवटचं बटण ठेवलं. म्हटलं, वडिलांचं काम आहे, लेकीच्या हातानं होऊ द्या. या म्हणून फोनही केला. तुम्ही म्हणालात, काका, आत्ता डोकं खाऊ नका. दुपारभर वाट पाहिली. म्हटलं, उद्या येतील. भरलेला अर्ज पळतो थोडाच?"

म्हणाले होते मी तसं. वर फोनही आपटला होता.

किल्ली घेऊन परतले तोवर पाच वाजून गेले होते. पडदा कोरा. तळमजला दुसऱ्याला गेला. साहेब म्हणाले, "नियम तुमचाच आहे, बाई."

पुढे पुढे बाबांचं खाली उतरणंच बंद झालं. संध्याकाळी मी सायकल लावत असले की गॅलरीतून वाकून विचारायचे, "खाली कोण आलंय गं राहायला? बोलके आहेत का?"