कनिष्ठेची वाटणी

मुरलीधरभाऊंनी आयुष्यात क्वार्टर बदललं नाही, पण सरकारं मात्र कितीतरी बदललेली पाहिली. इंग्रजांच्या लढाईत ते जबलपूरजवळ खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत लागले, तेव्हा दाराशी राजाचा मुकुट होता. मग तिरंगा आला. भोंगा मात्र तोच राहिला. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. घरात धाकटा भाऊ शरच्चंद्र, त्याची बायको विभावरी आणि त्यांची दोन मुलं. आमचं क्वार्टर शेजारीच, त्यामुळे त्या घरातलं हसणं-भांडणं मला भिंतीतून ऐकू यायचं.

छप्पन्न साली राज्याचीच वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, जबलपूर मध्यप्रदेशात राहिलं आणि आमची राजधानी भोपाळला जाऊन बसली. शरच्चंद्र राज्याच्या कचेरीत कारकून. त्याला विचारलं, इकडे राहता की तिकडे जाता? त्यानं नागपूर लिहून दिलं. मुरलीधरभाऊंची फॅक्टरी दिल्लीच्या सरकारची, त्यांना कोणी काही विचारलंच नाही.

त्या दिवसांत कचेऱ्यांतली कपाटं, पंखे, टाइपरायटर, सगळ्यांची वाटणी चालली होती. शरच्चंद्र दिवसभर तेच करायचा. शेवटी एका संध्याकाळी घरातल्या भांड्यांपर्यंत आला आणि मग देव्हाऱ्यापाशी थांबला. घरच्या महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. आमच्याकडे त्या थोरल्याकडेच राहतात, आणि दोघी बहिणी असल्यानं एकटी कधी उभी करत नाहीत. हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

मुरलीधरभाऊंनी कनिष्ठेला पंच्यात गुंडाळलं आणि भावाच्या हाती दिलं.

"मोठ्याची मोठी, धाकट्याची धाकटी. घे!"

आळीतल्या बायांनी डोक्याला हात लावले. मी तर तोंडावर बोलले, "भाऊ, हे काय करून राहिले? देवी म्हणजे का टाइपरायटर आहे?" ते नुसते हसले. दुसऱ्या वर्षी भाद्रपदात शरच्चंद्र सहकुटुंब इटारसीवरून गाडी बदलत आला, काखेत तो पंचा, तेव्हा माझी ट्यूब पेटली. कनिष्ठेशिवाय इथे ज्येष्ठा उभी राहत नव्हती आणि ज्येष्ठेशिवाय तिकडे कनिष्ठा. म्हणजे भावाला यावंच लागणार! मोठा लबाड माणूस. पण त्या लबाडीमागे किती एकटेपण होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

वर्षं गेली. नागपूर महाराष्ट्रात गेलं, तरी पंचा येतच राहिला. सणाच्या आठ दिवस आधीपासून भाऊ भिंतींना चुना काढायचे, मुलांसाठी खोव्याची जिलबी सांगून ठेवायचे, स्टेशनवर गाडीच्या कितीतरी आधी जाऊन बसायचे. विभावरी सोळा भाज्या रांधायची, मी मदतीला. उरलेलं वर्ष त्या घरात फक्त रेडिओ बोलायचा.

पासष्ट साली सीमेवर पेटलं. फॅक्टरीत सुट्ट्या बंद, कामाच्या पाळ्या लांबल्या. तरी भाऊंनी चुना काढला. शरच्चंद्र आला तो एकटाच. आम्ही पितळ घासत होतो. त्यानं पंचा भावापुढे ठेवला.

"दादा, विभानं नागपूरलाच नवी जोडी करवून घेतली. मुलांच्या शाळा, गाड्यांचा भरोसा नाही... ही तुझी तुला. आता जोडी पूर्ण झाली पहा."

तो चांगल्या मनानंच बोलत होता. त्याचाच मला जास्त राग आला. मुरलीधरभाऊ म्हणाले, "अच्छा. चलो, बरं झालं." आणि कामावर निघून गेले, डबा विसरून.

सकाळी शरच्चंद्र परत गेला. महालक्ष्म्या आम्ही शेजारच्या बायांनीच बसवल्या. दोघी बहिणी शेजारी शेजारी, नव्या साड्यांत, इतक्या देखण्या! भाऊ पाळीवरून आले, फॅक्टरीच्या कपड्यांतच दाराशी उभे राहिले. कितीतरी वेळ आत आले नाहीत. मी जेवायला वाढलं तर पुरणपोळी ताटात तशीच राहिली. भरल्या घरात इतका एकटा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी आमटीला नावं ठेवत बसले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ते आमच्या दाराशी आले. हातात तोच पंचा.

"वसुधावहिनी, ही कनिष्ठा तुमच्याकडे ठेवा. मी दिवसभर फॅक्टरीत. घर उघडं, पितळेची वस्तू, कोणी नेली बिली तर?"

"मग ज्येष्ठा काहून ठेवून राहिले? तिला चोर नाही लागत?"

ते पायातल्या चपलेकडे पाहत राहिले. साठीला आलेला माणूस, पण पकडलेल्या पोरासारखा उभा होता.

मी पंचा घेतला. आमच्या देव्हाऱ्यात जागा नव्हती, म्हणून अन्नपूर्णेला बाजूला सरकवलं.

"भाऊ," मी म्हटलं, "पुढच्या वर्षी आम्ही सगळे घेऊन येऊ हिला. पोरांना खोव्याची जिलबी लागते, सांगून ठेवा."