शेजारी राष्ट्र ऊर्जा सहकार्य मंडळ, नवी पेठ

म्हाताऱ्यांच्या मंडळात सहा महिने टायपिंग केलं की किस्से शोधावे लागत नाहीत. गवतातून चालून आल्यावर पँटला कुसळं चिकटलेली असतात ना, तसे ते घरी आल्यावर अंगावर सापडतात!

तेल महागलं आणि सोलापुरात, नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानावरच्या खोलीत, चार पेन्शनरांनी हे मंडळ काढलं. मी पॉलिटेक्निक सोडून घरी बसलेलो. सेक्रेटरी आमचेच नानाकाका. त्यांनी मला टाइपरायटरपुढं बसवलं. पहिलाच ठराव टाइप केला: "नेपाळचं पाणी, इराणचं तेल आणि सोलापूरचं मार्गदर्शन!"

*

आमच्या घरामागं मल्लेशमचे दोन माग. वीजकपातीमुळं करंट दिवसाआड. माग थांबला की त्याच्या घरी चूलही थांबायची. तो अर्ज घेऊन मंडळात आला. "माग तेवढे कपातीतनं सोडवा की."

अध्यक्ष अप्पासाहेब, रिटायर्ड वकील. म्हणाले, "तुझा प्रश्न स्थानिक आहे. आम्ही राष्ट्रांच्या पातळीवर विचार करतो."

"सायेब, मागाला पातळी कळत न्हाय. करंट कळतो!"

अर्ज फाइलीत गेला. फाइल कपाटात.

*

मला पहिला संशय आला पंख्यामुळं. कपातीच्या दिवशी सगळी पेठ घामाघूम, आणि मंडळाचा पंखा गरगर! वायरचा माग काढला, तर ती खिडकीतून थेट शेजारच्या दवाखान्यात. दवाखान्याला कपात नव्हती.

नानाकाका जराही लाजले नाहीत. "शेजाऱ्यानं शेजाऱ्याला वीज द्यावी, हेच तर आपलं धोरण!"

*

काठमांडूला लिहिलेल्या पत्राला उत्तर येईना. तीन बैठका त्यावरच. "यात चीनचा हात आहे," अप्पासाहेबांनी निदान केलं. मी खजिनदारांचा ड्रॉवर उघडला. पत्र तिथंच! सगळ्यांत वर सही कुणाची, हे चौघांचं ठरलंच नव्हतं.

मी म्हटलं, "देश जोडायला निघालात आणि चार सह्या जमेनात?"

"कॉलेज सोडलेल्यानं आम्हाला परराष्ट्र धोरण शिकवू नये!" अप्पासाहेब कडाडले.

*

मग अक्कलकोटला दर्शनाला आलेला एक नेपाळी इंजिनिअर यांना सापडला. लगेच सत्कार! सोलापूरचा सत्कार म्हणजे चादर आलीच. खाली सोलापूर, वर नेपाळ, मधे विजेचे खांब, अशी खास चादर मल्लेशमला सांगितली. "वीज कचेरीचे साहेब येणारेत. त्यांच्यासमोर तुझा अर्ज मांडतो," अप्पासाहेबांनी शब्द दिला.

समारंभाला मल्लेशम घडी घातलेली चादर घेऊन आला. भाषणं झाली. अर्जाचं कुणी नावही काढलं नाही. अप्पासाहेबांनी घडीसकट चादर पाहुण्याच्या खांद्यावर ठेवली, टाळ्या पडल्या.

पाहुणा हौशी. त्यानं चादर सगळ्यांसमोर उलगडली. सोलापूर झकास. पहिला खांब, दुसरा खांब, तिसरा खांब... पुढं नुसते लोंबणारे धागे!

"मेरा नेपाल किधर है?" त्यानं विचारलं.

मल्लेशम उठला. पाहुण्याकडं नाही, वीज कचेरीच्या साहेबांकडं बघत म्हणाला,

"तितपर्यंत पोचायच्या आतच लाइट गेली, सायेब."