मीच नेलेलं पत्र

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही याची खात्री नाही, म्हणून आधीच माफी मागतो. पुरवणीत मी कधी लिहिलेलं नाही. आमच्या घरी वर्तमानपत्र यायचं ते किराणा बांधून. आणि ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्या शमुवेल मास्तरांशी शेवटची पाच वर्षं मी बोललो नव्हतो, त्यांच्या मातीलाही गेलो नाही. गेलेल्या माणसाचं चांगलंच बोलावं असं आई म्हणते. मला ते पूर्ण जमणार नाही… आणि न जमलेलं जमल्यासारखं दाखवलेलं मास्तरांनाच खपलं नसतं.

दीड महिन्यापूर्वी पुण्याला हॉस्टेलच्या फोनवर चुलतभावानं आळेफाट्याच्या बूथवरून कळवलं की मास्तर गेले, उद्या अकरा वाजता माती आहे, येतोस ना. मी परीक्षा आहे म्हणालो. परीक्षा नव्हती. फोन ठेवला आणि तासाला जाऊन बसलो. सरांनी सांगितलेलं सगळं वहीत नीट उतरवून घेतलं, खाली रेघही ओढली. आई मात्र आमच्या पिंपळवंडीहून चालत गेली. नंतर मला म्हणाली, "परक्या गावची माणसं आली व्हती, आन् तू न्हाई." 

आमची मंडळी अकरा घरांची. कालव्याच्या अलीकडं विटांची एक खोली, पुढं ओटा, आत सहा बाकं, हेच आमचं चर्च. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एका रविवारी यायचे. बाकीच्या रविवारी उपासना चालवायचे शमुवेल मास्तर. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि मंडळीचा कारभार बघणारे पंच. त्या कामाचं त्यांना काही मिळत नव्हतं आणि मागितलंही नसतं. शनिवारी शाळा सुटली की ते सायकलला खराटा बांधून यायचे. खोली झाडायचे, बाकं पुसायचे, तीही खालच्या बाजूनं. बाकाच्या खाली कोण बघतं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले की ज्याची खोली आहे तो बघतो. जवळच्या मळ्यातले तात्या बांधावरून हाक मारायचे, "मास्तर, लई घासू नका, देव घसरून पडंल." मास्तर हसायचे आणि घासतच राहायचे.

मी सातवीत असताना त्यांनी मला उपासनेत शास्त्रवाचनाला, म्हणजे बायबलमधला पाठ वाचायला, उभं करायचं ठरवलं. वडील पारगावच्या कारखान्यावर ट्रॅक्टरनं ऊस ओढायचे, हंगामभर घरी नसायचे. आई दुसऱ्यांच्या कांद्यात रोजानं जायची. आमच्या घरात मोठ्यानं वाचणारं कुणी नव्हतं. मास्तरांचा नियम साधा होता… कुठलाही पाठ लोकांसमोर वाचायचा तो तिसऱ्या वेळी. पहिल्यांदा मनात, म्हणजे काय लिहिलंय ते कळतं. दुसऱ्यांदाही मनातच, म्हणजे कुठं थांबायचं ते कळतं. मग तिसऱ्यांदा तोंड उघडायचं. "देवासमोर पहिल्यांदा वाचायचं नसतं," असं ते म्हणायचे. थांबायच्या जागी ते पेन्सिलीनं बारीक रेघ मारून द्यायचे. शनिवारी रिकाम्या खोलीत मला उभं करून ते स्वतः शेवटच्या बाकावर बसायचे आणि शेवटचा शब्द ऐकू आला नाही तर हात वर करायचे. पहिल्या रविवारी मी पेन्सिलीच्या प्रत्येक रेघेवर थांबत वाचलं. शेवटच्या बाकावरचा हात एकदाही वर आला नाही. त्या दिवशी मला काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. एवढंच की आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत, असं मला पहिल्यांदा वाटलं.

हंगामाच्या सणाला मंडळी आपापल्या पिकातलं पहिलं काही देवापुढं आणून ठेवते. त्या वेळी मास्तर दारात उभे राहून टोपल्या बघायचे. एकदा कुणीतरी लंगडी कोंबडी आणली. मास्तर शांतपणे म्हणाले, "हिला घरी न्या, बरी झाली की आणा, देवाला घाई नाही." सगळी मंडळी हसली, आणणाराही हसला, पण पुढच्या वर्षी त्यानं कळपातला सगळ्यात देखणा कोंबडा आणला. आईला रोजाबरोबर कांदे मिळायचे, लहानमोठे मिसळ. सणाच्या आदल्या दिवशी तिनं पोतं अंगणात ओतलं आणि एकसारखे, लाल, कोरड्या मानेचे सगळे कांदे टोपलीत भरले. घरात राहिली ती गोल्टी, म्हणजे बारका माल. पुढचे दोन महिने आम्ही ती गोल्टीच खाल्ली. "तुझ्या मास्तरला देवानं इन्स्पेक्टर नेमलाय," असं ती कुरकुरली, पण टोपली डोक्यावर घेऊन निघाली तेव्हा तिची चाल बघण्यासारखी होती.

अशा माणसाच्या हाताखाली वाढलेला मुलगा दुसरं काय ठरवणार? बारावीत असताना मी ठरवलं की पाळक व्हायचं, देवाच्या सेवेत पूर्ण जायचं. हे सांगायला मास्तरांकडं गेलो तेव्हा ते घरामागच्या तुकड्यात विळ्यानं कांद्याची पात कापत बसले होते. मी सांगितलं. त्यांनी हातातला कांदा कापून बाजूला टाकला, दुसरा घेतला. मग विचारलं, "पूर्ण मनानं?" मी हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "बरं. पत्र देतो."

पाळकांचं शिक्षण देणाऱ्या विद्यालयात प्रवेशासाठी गावच्या मंडळीच्या पंचाचं पत्र लागायचं, आणि समितीपुढं मुलाखत. मास्तरांनी पाकीट डिंकानं चिकटवून माझ्या हातात दिलं. मी ते खिशात ठेवलं, शर्टाच्या आत, आणि आळेफाट्याला एसटीत बसलो. सगळ्या वाटेत दर थोड्या वेळानं छातीवर हात ठेवून ते आहे ना हे बघत होतो. घाटात गाडी वळली की दोन्ही हात ठेवत होतो. जगात माझ्याबद्दल कुणीतरी लिहिलेलं ते पहिलं पत्र होतं.

समितीत चारजण होते. त्यातल्या एकानं पाकीट फोडलं आणि इतरांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं वाचलं, पहिल्याच वेळी. पत्र मला पाठ आहे. "मुलगा प्रामाणिक आहे. वाचन उत्तम. परंतु सेवेसाठी सध्या घेऊ नये. कांदा वरून लाल दिसतो, पण मान ओली आहे. असा माल साठवणीच्या चाळीत भरला तर स्वतः नासतो आणि शेजारचा नासवतो. दोन-तीन वर्षं वाळू द्यावा." वाचणारा थांबला. एकजण किंचित हसला, वाईट हेतूनं नाही, कांद्याच्या उपमेला हसला असेल. मग त्यांनी मला पाणी दिलं आणि पुन्हा या म्हणून सांगितलं. मी सगळ्यांना सलाम करून बाहेर आलो. रिकामं पाकीट मागून घ्यावं असं उगाच वाटलं, पण मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या अंगणात गेलो. बाई, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन बाहेर आल्या आणि आमचे चेहरे बघून तिथंच उभ्या राहिल्या. मी विचारलं, तुमी हे लिहिलं? ते म्हणाले, "लिहिलं. खरं आहे ते." मला वाटलं होतं की काहीतरी चूक निघेल, पत्र बदललं असेल.

"मग मला का न्हाई सांगितलं?"

मास्तरांनी बाईंच्या हातातला कप घेऊन माझ्यापुढं ठेवला. मग खाली बघत म्हणाले, "तोंडावर सांगायला जमलं नाही. पत्र तुझ्याच हातात दिलं होतं… मला वाटलं, वाटेत तू फोडशील."

"मास्तर, दुसऱ्याचं पत्र फोडायचं न्हाई, हे तुमीच शिकवलं व्हतं."

एरवी माझ्या 'तुमी-व्हतं'ला ते लगेच अडवायचे. त्या दिवशी अडवलं नाही. मी चहा न घेता निघालो.

माझी मान ओली होती का? या पाच वर्षांत मी हे स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. खरं सांगायचं तर असेल. पाळकसाहेबांचा पांढरा झगा मला फार आवडायचा. आईची पांढरी चादर खांद्यावर घेऊन मी एकदा आरशासमोर उभा राहिलो होतो. मास्तरांनी ते बघितलं नव्हतं, पण मुलांचं त्यांना न बघताही कळायचं. त्यांचा नकार मी कधीतरी पचवला असता. पण माझा नकार माझ्याच खिशात घालून, छातीशी धरायला लावून, मलाच पोचवायला पाठवावं… बाकाची खालची बाजू पुसणारा माणूस असं करू शकतो, हे मला पचलं नाही. मी चर्चला जाणं सोडलं. बी.ए. केलं, आता एम.ए.ला आहे. आमच्या घरातला पहिलाच. मोठ्यानं वाचायची वेळ आली की अजून तिसऱ्या वेळीच वाचतो, आणि प्रत्येक वेळी मला त्यांचा राग येतो.

दोन वर्षांपूर्वी ते मला आळेफाट्याच्या स्टँडवर दिसले. वाळले होते. हातात नवा खराटा होता, कागदात गुंडाळलेला. पलीकडून त्यांनी हात वर केला. शेवटचा शब्द ऐकू आला नाही की करायचे, अगदी तसा. मी लागलेल्या गाडीत चढलो. तीच आमची शेवटची भेट, तिला भेट म्हणता आलं तर.

मातीनंतर तीन आठवड्यांनी आईच्या बोलण्यावरून बाईंकडं गेलो. त्यांनी राग धरला नव्हता, निदान दाखवला नाही. पाणी दिलं, चर्चची किल्ली आता कुणाकडं असते ते सांगितलं, शनिवारी झाडायला कुणी येत नाही हेही सांगितलं. मग आतून एक अंतर्देशीय पत्र आणलं. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं ते आठ दिवस तसंच पडून होतं. पत्ता बाईंच्या नावाचा होता आणि पाठवणारे लांबच्या जिल्ह्यातले एक निवृत्त पाळक. मी त्यांना ओळखत नव्हतो, बाईही नाही.

"फोड," बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "तुमीच फोडा. मी वाचतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. काहीतरी आठवलं असावं. मग कडा चाचपत सावकाश पत्र उघडून माझ्या हातात दिलं.

मी ओट्यावर बसून आधी मनात वाचलं. त्यांना बातमी उशिरा कळली होती. लिहिलं होतं की चाळीस वर्षांपूर्वी ते आणि शमुवेल पाळकांच्या विद्यालयात एका खोलीत राहत होते. मी थांबलो. मास्तर कधी विद्यालयात होते हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढं होतं की दुसऱ्या वर्षी शमुवेलला एका मंडळीत पहिला उपदेश करायला पाठवलं. तो लोकांसमोर उभा राहिला आणि एक शब्द बोलू शकला नाही. दुसऱ्या दिवशी पेटी उचलून निघून गेला. विद्यालयाच्या आचार्यांनी तीनदा परत बोलावलं, आला नाही.

दुसऱ्यांदा वाचताना कुठं थांबायचं ते बघायला हवं होतं, पण मला काही दिसत नव्हतं. त्या दिवशी अंगणात त्यांनी हे एवढं सांगितलं असतं तर? पत्र लिहायच्या आधी, कांदे कापताना? दोनच काय, मी दहा वर्षं वाळत पडलो असतो. त्यांनी माझ्याकडून पूर्ण मन मागितलं आणि स्वतःचं अर्धं झाकून ठेवलं… हा राग मास्तर गेल्यावरही गेलेला नाही, आणि तो इथं लपवत नाही.

"काय लिवलंय रे?" बाईंनी विचारलं.

मी उभा राहिलो. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पेटीपर्यंत आलो तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला, पण थांब म्हणाल्या नाहीत. शेवटची ओळ शेवटच्या शब्दापर्यंत ऐकू जावी म्हणून मी आवाज खाली पडू दिला नाही.

"फाटकापर्यंत मी त्याची पेटी धरली होती. शमुवेल मला एवढंच म्हणाला, माझ्या गावच्या पंचांनी माझ्याबद्दल फार चांगलं पत्र दिलं होतं रे, कुणीतरी खरं लिहायला हवं होतं."