देवीच्या टाकाखालच्या पिवळ्या काड्या

देवीला परत पाठवायचं, असं मी ठरवलं होतं. आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी अगदी गंभीर होतो. भिलाईचा कारखाना उभा राहत होता. मी कोक ओव्हनच्या बांधकामावर फिटर होतो आणि क्वार्टरमध्ये एकटाच राहत होतो. ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावाहून आईनं दिलेला देवीचा पितळी टाक कोनाड्यात होता. त्याची पूजा माझी धाकटी बहीण वेणू करायची. ती जाऊन दहा महिने झाले होते आणि तेवढे दिवस मी कोनाड्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

वेणूला इथं मीच आणलं. मला घरचं जेवण मिळावं म्हणून आईनं तिला चैत्रात माझ्याबरोबर धाडलं. सतरा वर्षांची पोर, दिवाळीच्या आधी विषमज्वरानं गेली. डॉक्टरांनी शर्थ केली, देवीनं मात्र काहीच केलं नाही, असा माझा राग. पण रागाखाली दुसरंच काही सलत होतं. मी सकाळी निघायचो, ओव्हरटाइम करून यायचो, जेवायचो आणि आडवा व्हायचो. परक्या मुलखात, बोली येत नसताना, ही पोर दिवसभर काय करत होती? तसा मी भारी चौकस. रशियन साहेबाला दुभाष्यामार्फत एकेका बोल्टाबद्दल विचारून भंडावून सोडायचो. वेणू चिडवायची, "दादा, तुले तं चौकशीच्या खिडकीतच बसवाले पाह्यजे!" त्या वेणूला मात्र मी एकदाही विचारलं नाही, की बाई, तुझा दिवस कसा गेला?

राखीचा दुसरा दिवस, मला सुट्टी होती. टाक फडक्यात बांधायचा, आईकडे न्यायचा आणि नोकरी सोडून गावीच राहायचं, असं ठरवून मी कोनाड्याशी गेलो. हात जोडले नाहीत. फक्त म्हणालो, "एवढंच सांग, ती इथं एकटीच होती का?" आणि टाक उचलला. खाली दोऱ्यानं बांधलेल्या चिमूटभर वाळक्या पिवळ्या काड्या होत्या. दूर्वा म्हणाव्या तर लांब, तण म्हणावं तर इतकं जपून कोण ठेवेल? वास घेऊन पाहिला, उजेडात धरून पाहिल्या. देवीवर रागवायला गेलेला मी, त्या काड्यांतच अडकलो. स्वभाव, दुसरं काय!

तेवढ्यात दारात हाक आली, "मोर भोजली घर म हे का?" माझी भोजली घरात आहे का? कोरं लुगडं नेसलेली एक तरुण बाई, कडेवर टोपली. मी म्हणालो, "यहाँ भोजली नाम की कोई नहीं रहती." ती हलेना. "हे भैया, इही घर." नाव काय तिचं, असं विचारलं तर तिनं जीभ चावली. "भोजली के नाव नइ लेवन." मग तिनं आपल्या डाव्या भुवईवर बोट ठेवून व्रणाची खूण केली आणि तोंडावर हात धरून हसून दाखवलं. तो व्रण वेणूचा. अशी वेणूच हसायची.

टोपलीवरचं फडकं तिनं दूर केलं. अंधारात वाढवलेली गव्हाची रोपं, पिवळीजर्द. माझ्या मुठीत तीच होती, वर्षभर वाळलेली.

ती जवळच्या जुनवानी गावची, आमच्या क्वार्टरांत भाजी विकणारी. इकडे मुली श्रावणात टोपलीत गहू पेरतात, त्याला भोजली देवी मानून पूजतात, राखीच्या दुसऱ्या दिवशी तळ्यात शिरवतात आणि राखून ठेवलेल्या काड्या मैत्रिणीच्या कानावर खोचतात. तेव्हापासून दोघी जन्मभराच्या भोजली, बहिणीहून जवळच्या, एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. मागच्या वर्षी ही आणि वेणू अशा भोजली झाल्या. पाठोपाठ ही सासरी गेली आणि आत्ता माहेरी आली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. मला सांगावं लागलं. ती उंबऱ्यावर बसली आणि हमसून हमसून रडली. मीही रडलो, दहा महिन्यांत पहिल्यांदाच.

मग मी विचारत सुटलो आणि ती सांगत गेली. वेणू रोज दुपारी तिच्याबरोबर जुनवानीच्या तळ्यावर जायची. गाणी शिकली, बोली शिकली. एकदा चिखलात घसरून पडली, तेव्हा दोघींनी लुगडं धुऊन मी यायच्या आत वाळवलं. हे तिनं मला का नाही सांगितलं, विचारलं तर ही म्हणाली, "कहय, दादा थक के आथे. पूछही, त सब बताहूं." वेणू म्हणायची, दादा दमून येतो, विचारील तेव्हा सगळं सांगीन. हे ऐकून काळजात कळ आली आणि हायसंही वाटलं. ती एकटी नव्हती.

जाताना तिनं एक काडी टाकाशी ठेवली, एक माझ्या कानावर खोचली आणि कोनाड्याकडे बघून रामराम घालावा तसं म्हणाली, "सीताराम भोजली." मग थांबून राहिली. याला उत्तर काय द्यायचं, मी विचारलं. "इही," ती म्हणाली. वेणूच्या वतीनं मी म्हणालो, "सीताराम भोजली."

टाक तिथंच राहिला आणि मीही. तिला त्याच दिवशी कोणी पाठवलं, याची चौकशी मी केली नाही. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी न विचारता पदरात घेतली. आई भवानी, तुझे उपकार. आता लग्न झालं, पोरं झाली. कितीही दमून आलो तरी चप्पल काढता काढता एकेकाला विचारतो, आज दिवस कसा गेला. सगळ्यांचं ऐकून झालं, की मग जेवायला बसतो.