जड जिभेचं घराणं

रविवारची दुपार. संध्याकाळच्या उपासनेत सुवार्ता भिंगारदिवेला पहिल्यांदाच शास्त्रवाचन करायचं आहे. बायबलमधला मोशे देवाला म्हणतो, माझी जीभ जड आहे, तोच उतारा. पलंगावर पडून ती पुटपुटते आहे आणि नेमकी तिथंच अडते. आजोबा अडखळायचे, बाबा अडखळायचे, आता ती. "वाडवडिलांच्या पापाची शिक्षा आहे ही," आत्या सगळ्यांदेखत म्हणाली होती. सुवार्ताचे डोळे जड होतात.

उशाशी बाबा बसले आहेत. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, हे तिला ठाऊक आहे. तरी ती सरकून त्यांना जागा करून देते.

"व-वाच की."

"बाबा, ति-तिकडंही अडखळता तुम्ही?"

"हो. पण तिकडं कुणाला घाई नसते."

पलंगाचा बाक झाला आहे, चर्चमधला. बाकाखालून पाटाचं पाणी वाहतंय आणि दोघांचे पाय त्यात आहेत.

"आत्या म्हणते, ही शिक्षा आहे."

"तिला पु-पुढचं वाचायला सांग. माणसाला तोंड कुणी दिलं, असं देव विचारतो मोशेला. शिक्षा म्हणतो का कुठं?"

"पण मोशेसाठी त्याचा भाऊ बोलला. आई म्हणते, तसं आत्याच्या रूबेनदादाला वाचू दे."

"आणि म-मरायच्या आधी? यार्देन नदीच्या अलीकडं उभा राहून सगळ्या लोकांशी कोण बोललं? मोशेच. पोटभर बोलला."

ती वर बघते. सगळे बाक भरलेत. अनोळखी बायामाणसं, पण प्रत्येकाची हनुवटी तिच्यासारखी. त्यांतून लाजरस आजोबा उठतात आणि तिच्या जिभेवर खडीसाखर ठेवतात.

"स-सावकाश," ते म्हणतात.

ती उभी राहून वाचते. शब्द अडला की सगळं चर्च तिच्यासाठी थांबतं, सुटला की सगळ्यांचे चेहरे उजळतात. एकही मान खाली जात नाही. शेवटचं वचन ती इतक्या मोठ्यानं वाचते, की पाटाचं पाणी थरथरतं.

"सुवार्ता, ऊठ. रूबेन आलाय," आई दारातून म्हणते. "उतारा दाखव त्याला."

सुवार्ता उठून बसते. "म-म-मीच वाचणार आहे."

आई जवळ येऊन तिला निरखते. असं ठाम ती कधी बोललेली नाही.

"आणि तोंडात काय गं आहे तुझ्या?"

सुवार्ता तोंडातलं तळहातावर काढून पुढं करते. अर्धा विरघळलेला खडीसाखरेचा खडा, अजून ओला.