टेमघरच्या नागमोडी रेषा

वांग्याचं झाड दिसलं की कृमीमास्तर आधी ते उपटत आणि मग विचारत, "कुणाचं आहे हो?" मुळांवर गाठी निघाल्या की चेहरा असा खुले, जणू मुलीचं लग्न ठरलं! टेमघरच्या भागीमावशी आपल्या शेतातूनच ओरडत, "मास्तर, वांगी न्या! मुळांचं काय कालवण करता? घरात कोन बोलत न्हाय काय?"

कॉलेजातून निवृत्त झालेले मास्तर कामतघरला लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यावरच्या खोलीत राहत. त्या गाठींत सूक्ष्म कृमी असतात. मादीच्या शेपटीभोवतीच्या रेषांवरून तिची जात ओळखतात. "माणसाचा अंगठा, तसं हिचं बूड!" मास्तर मला, म्हणजे त्यांच्या जुन्या, वाया गेलेल्या विद्यार्थ्याला, बजावत.

मावशींच्या वांग्यांच्या मुळांतल्या कृमींवर त्यांना नागमोडी रेषा सापडल्या. कुठल्याच पुस्तकात नसलेल्या! शेतावर गोदाम येणार हे ठरलं होतं. मास्तर म्हणाले, "येऊ दे. या जातीला टेमघरचं नाव देतो. शेत गेलं तरी ते राहील."

"मंग वांग्याला द्या की. किडीला कशाला?" मावशी म्हणाल्या.

सहा वर्षं त्यांनी चित्रं काढली. नियतकालिकाकडून लेख परत आला: जनुकांचा पुरावा जोडा. कृमी प्रयोगशाळेत तपासायला पाठवले, तर उत्तर आलं: जुनीच, सरळ रेषांची जात. "यंत्राला डोळे असतात का रे?" मास्तर कडाडले. पुन्हा पाठवले. तेच उत्तर. मी हसलो म्हणून महिनाभर अबोला.

अबोला सुटला त्याच दुपारी लाइट गेली. लूम थांबले, सूक्ष्मदर्शकाचा दिवाही विझला. मी खोडसाळपणे म्हणालो, "मास्तर, मोबाइलचा टॉर्च मारू?"

ते वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"हलवू नकोस."

"मी नाही हलवत."

"तेच तर. काहीच हलत नाहीये."

कामतघरचे लूम चालू असले की टेबल थरथरे, चित्र काढणारा हातही. लाइट गेली की दिवा नाही. शुक्रवारी लूम बंद, तर मास्तर शेतात मुळं उपटत. सहा वर्षांत त्यांनी एकही कृमी स्थिर पाहिला नव्हता!

लाइट आली. खाली खडखडाट सुरू झाला. "बंद कर तो टॉर्च," एवढंच म्हणाले.

गोदाम झालं. पुढे मास्तरही गेले. चित्रांचा गठ्ठा माझ्याकडे आला. प्रत्येक चित्रावर टेमघरचं नाव खोडलेलं, आणि खाली त्यांच्या सुबक अक्षरात: 'जात जुनीच. नागमोडी रेषा कामतघरच्या.'