वडिलांनी निवडलेलं पांढरं पिल्लू
पांढऱ्या शर्टावर गरम इस्त्री फिरली की जो वास येतो, त्यानं मला वडिलांचं कुत्रं आठवतं. आई गेली त्या वर्षी वडील वावरातल्या खोलीतच राहू लागले, आणि रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरं हाकलायला त्यांना पिल्लू हवं होतं. मी अकोल्याहून मुद्दाम गेलो आणि आम्ही दोघं अचलपूरकडच्या एका मेंढपाळाकडे पोचलो. लेंड्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास, मधे तीन पिल्लं. काळं धीट होतं, माझ्या बुटाची नाडी सोडेना. वडिलांनी मात्र कोपऱ्यात थरथरणारं पांढरं उचललं. मेंढपाळ म्हणाला, "बाबाजी, काळं न्या. पांढरं रोह्याले दुरूनच दिसते." "मलेयी दिसलं पाह्यजे ना," वडील म्हणाले. मी चिडलो. बैल घेताना जन्मभर 'रंग नोको पाहू, चाल पाह्य' म्हणणारा हा माणूस! वावरात पोचल्यावर लगेच अकोल्याच्या बससाठी तुरीच्या कडेनं सडकेकडे निघालो. जरा पुढे जाऊन वळलो, हात हलवला. माझ्या अंगात मातकट शर्ट होता. वीस-पंचवीस पावलांवर वडील धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभे होते आणि कपाळावर हात धरून भलतीकडेच पाहत होते. मग खाली वाकून त्यांनी पिल्लाला विचारलं, "गेला का गा तो?" बस चुकेल म्हणून मी मागे फिरलो नाही. त्यानंतर मात्र दर खेपेला पांढरा शर्ट घालून गेलो. आता धुऱ्यावर कोणी नसतं. तरी वावरात जायचं असलं की मी पांढराच काढतो.